रेवेवर कोणी नव्हतं

ठाणे
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय हफी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? दहावीला तू ज्याच्यावर बघून पास झालीस तेच आहे. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी अर्धा तास मी बोलत होते आणि तू सुलेमानभाईंना विचारत होतीस, "काय म्हणते ही?" तुझ्या कानांचं काहीतरी कर बाई. तोवर पत्रच बरं.

काम आहे, आणि ते आपल्या सोनखाडीचंच आहे. खाडीच्या तोंडाशी बंदर होणार हे तुमच्या कानावर आलंच असेल. बंदर बांधणारी कंपनी वेगळी. आमची कंपनी फक्त एवढं सांगते की बंदरामुळे पाण्याचं, माशांचं, माणसांचं काय होईल. आमच्याकडे तो अहवाल माझ्या हाती आला आहे. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या गावचं काम माझ्याकडे आलं.

आता नीट वाच. बंदराला पैसे परदेशातली एक बँक देणार आहे, आणि तिची अट कडक आहे. किनाऱ्यावरच्या माणसाचं पोट बुडत असेल तर आराखडा बदला, नाहीतर कर्ज नाही. माल उतरवायच्या आवारासाठी दोन जागा बघितल्या आहेत. एक वरचा कातळ, आणि दुसरी आपली ओहोटीला उघडी पडणारी रेव, भराव टाकून. कंपनीला रेव स्वस्त पडते. ते आवार कातळावर नेणं माझ्या अहवालावर अवलंबून आहे, आणि मी ते नेणार.

म्हणून मला सगळं लिहून पाठव. रेवेवर कोण जातं, कधी जातं, कधी जात नाही. आईला विचारलं असतं, पण तिला आता कालचं आठवत नाही. बरोबर पोस्टकार्डं पाठवते आहे, पण तू भरपूर लिही, पाकीट वापर.

तुझी,
दिशा


सोनखाडी
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय दिशे,

तुझं पत्र आमच्या गंगाराम पोस्टमनने अंगणात उभं राहून आधी स्वतः उलटसुलट करून बघितलं. "भाभीनू, आता पत्रं कोण लिवतो?" म्हणे. म्हटलं, जिची मैत्रीण बहिरी आहे ती लिहिते. आणि तुझ्यावर बघून मी मराठीत पास झाले हे खरं, पण गणितात तू कुणावर बघून झालीस तेही ठाण्याच्या लोकांना सांग.

रेवेचं विचारतेस म्हणजे कमाल आहे. तुझ्या आईने तुझी शाळा त्या रेवेवरच्या तिसऱ्या-शिंपल्या विकून काढली. तू डोक्यावर टोपली घ्यायला लाजायचीस म्हणून नाटे गावच्या बाजारापर्यंत मी घ्यायचे. पण तुझ्या बँकवाल्यांना आठवणी नको असतील, म्हणून मास्तरणीसारखं लिहिते.

रेवेवर त्रेसष्ट बायका जातात. मोहल्ल्यातल्या एकतीस, खारवीवाडीतल्या बत्तीस. पाणी ओसरलं की खुरपं घेऊन उतरायचं आणि पाणी चढेपर्यंत तिसऱ्या, कालवं काढायची. पुरुष नाही जात. सुलेमानची जहाजावर कंबर गेली त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून माझं घर रेवेवर चालतं. माझी पोरगी मनाल रत्नागिरीला नर्सिंग शिकते तेही रेवेवरच.

कधी जात नाही, ते आता सांगते. कार्तिकातल्या अवसेला खारवीवाडीतली जनीकाकी रेवेच्या टोकाला वेळूची काठी रोवते, लाल फडकं बांधते, नारळ ठेवते. मोहल्ल्यातून मी जाते, फातेहा पढते आणि खीर वाटते. त्या दिवसापासून पौषातल्या पुनवेपर्यंत रेवेवर कुणीही पाऊल टाकायचं नाही. तुझ्या लक्षात असेल, याला आपण राखण म्हणतो. त्या दिवसांत तिसरीचं पिल्लू तांदळाएवढं असतं, पाय पडला की गेलं. जिची चूल थंड तीसुद्धा जात नाही. बाकीच्या तिला भाकऱ्या देतात. या साली राखण १ डिसेंबर ते १३ जानेवारी.

हे दिवस आम्ही परक्याला सांगत नाही. एकदा कुणीतरी सोयरिकीत बोलता बोलता बोललं, तर पलीकडून तीन होड्या येऊन रेव ओरबाडून गेल्या. पुढची दोन वर्षं आमच्या हाताला नुसती टरफलं लागली. तू काही परकी नाहीस. पण कागदावर घालशील तर जपून घाल.

कातळावर ने तुझं आवार. तिथे गवताशिवाय कुणाचं काही जात नाही. बंदराला आमची ना नाही. आमच्या पोरांना दुबईत जाण्यापेक्षा ते बरं.

तुझ्या आईला, काकींना सलाम सांग. त्यांना मी आठवत नसले तर नाट्याच्या बाजाराची आठवण दे.

तुझी,
हफी


ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय हफी,

पत्र मिळालं. ऑफिसात वाचत होते आणि एकटीच हसत होते. फार उपयोगी पडणार आहे. हवं होतं ते सगळं त्यात आहे.

आता पुढचं. आमची दोन मुलं मोजणीला येतील, सागर आणि गुरुप्रसाद. तू सांगितलेल्या दिवसांतच येतील, म्हणजे तुमच्या कामात त्यांची अडचण नको. गाळ किती, पक्षी किती, पाणी किती चढतं हे बघतील. महिनाभर येऊन-जाऊन राहतील. त्यांना होडीतून फिरवशील का? आणि बाकीच्या बायकांना तिकडे फिरकू नका म्हणावं, नाहीतर मुलं बुजतात.

एक सांगायचं राहिलं. ते जेवढं विचारतील तेवढंच सांग. जुन्या गोष्टी सांगत बसू नकोस, त्यांना फॉर्म भरायचे असतात. सगळं सविस्तर मी लिहिणारच आहे.

आई बरी आहे. तुझं नाव काढलं तर म्हणाली, "कोण, टोपलीवाली?"

तुझी,
दिशा


सोनखाडी
१५ जानेवारी २०२५

प्रिय दिशे,

काकींना सांग, टोपलीवालीच.

तुझी मुलं आली आणि गेली. गुणी आहेत दोघं. सागर देवरुखकडचा, मासे खाताना काट्याला घाबरतो. गुरुप्रसाद मासेच खात नाही, त्याला रोज घावणे आणि चटणी दिली. बारा वेळा मी त्यांना भावाच्या होडीतून रेवेभोवती फिरवलं. एकदाही खाली उतरू दिलं नाही. पाणी मोजायच्या काठ्या लावायच्या तर होडीतून वाकून लावा म्हटलं. सागर पडला पाण्यात. दुर्बिणीतून पक्षी मोजले, फोटो काढले. एक फोटो माझाही आहे, मागे नुसती रेव आणि मी वल्हं धरून उभी. मनाल म्हणते, अम्मी पुढारी दिसते.

शेवटच्या दिवशी गुरुप्रसादने विचारलं, "चाची, इथे कोणी तिसऱ्या वेचायला येतं का?" मी म्हटलं, या दिवसांत कोणी येत नाही, एक पाऊल पडत नाही. मला त्याचा अभिमानच वाटला, दिशे. एवढ्या गरिबांच्या वस्तीत महिना-दीड महिना एक बाई हात लावत नाही, हे शहरातल्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पुढे बोलणार होते, पण तुझं आठवलं, जेवढ्यास तेवढं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. मराठीत केली, ठसठशीत.

परवा राखण उठली. काय तिसऱ्या आहेत या साली! सुकवलेल्या अर्धा किलो ठाण्याच्या एसटीने पाठवते आहे, कंडक्टर ओळखीचा आहे. काकींना कांद्यावर परतून दे.

जनीकाकी मात्र मला बोलली. "दीस तू कागदावर दिलंस, चांगला नाय केलंस." मी म्हटलं, काकी, दिशा म्हणजे आपल्याच घरची. अहवाल कधी येतो ते कळव.

तुझी,
हफी


ठाणे
२८ मार्च २०२५

प्रिय हफी,

उशीर झाला, रागावू नकोस. वर्षअखेरची कामं, त्यात माझी बढती झाली आणि खुर्ची मिळाली तशी कामंही मिळाली. तिसऱ्या पोचल्या. आईने दोन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

अहवाल गेला. आता तो सरकारात आणि बँकेत फिरेल. काळजी करू नकोस, सगळं नियमाप्रमाणे आहे. तिवरांची झाडं जपायची, गाळ खोल समुद्रात टाकायचा, कासवांसाठी दिवे मंद ठेवायचे, अशी चांगली कलमं घातली आहेत. बँकेने कौतुक केलं.

मनालला आशीर्वाद. सुलेमानभाईंची कंबर कशी आहे?

तुझी,
दिशा


सोनखाडी
२० मे २०२५

प्रिय दिशा,

तुझ्या पत्रात झाडं होती, कासवं होती, दिवेसुद्धा होते. रेव नव्हती. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी म्हटलं, बाई कामात आहे.

काल ग्रामपंचायतीत अहवालाचा मराठी सारांश आला. ग्रामसेवकाने मोठ्याने वाचला. मला ऐकू जात नाही म्हणून मी त्याच्या खांद्यावरून डोळ्यांनी वाचत होते, त्यामुळे बाकीच्यांच्या आधी पोचले. पान एकोणीस. जसंच्या तसं उतरवते.

"प्रस्तावित भराव क्षेत्रात बारा दिवसांच्या निरीक्षणात एकही व्यक्ती उपजीविकेच्या कामात आढळली नाही. रेवेवर कोणी येत नसल्याचे स्थानिक महिला प्रतिनिधी श्रीमती हफीजा यांनी सहीनिशी सांगितले. सबब उपजीविकेवर परिणाम नाही."

शेजारी माझा फोटो. मी वल्हं धरून, मागे रिकामी रेव. शेवटच्या पानावर तयार करणाऱ्यांची नावं, त्यात पहिलं तुझं.

राखण हा शब्द सारांशात कुठेच नाही. त्रेसष्ट बायका नाहीत. आवार रेवेवर.

मी सगळ्यांना सांगितलं की घाईत पानं राहिली असणार, मूळ अहवालात असेल, दिशा अशी नाही.  जनीकाकीने माझ्याकडे बघितलं आणि उठून गेली. आज सकाळी पाणी ओसरल्यावर मी रेवेवर गेले, तर माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका सरकून लांब बसल्या. तीस वर्षांत माझ्या बाजूची जागा कधी मोकळी नव्हती. तेवढ्यात कोणी म्हणालंही असेल काही, मला ऐकू आलं नाही. एकदाच बहिरेपणाचं बरं वाटलं.

११ जूनला जनसुनावणी आहे. तू ये. माईक हातात घे आणि सांग की चूक झाली, त्या दिवसांत राखण होती. तू सांगितलंस तर पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगितलं तर मी माझीच सही खोटी पाडते.

हफी


ठाणे
२ जून २०२५

प्रिय हफी,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. लोक तुला बोलतात हे अगदी चुकीचं आहे. यात तुझा दोष नाही. खरं म्हणजे कुणाचाच नाही.

तुला आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं. पाहणीचा काळ ठरलेला असतो. कर्जाचा निर्णय मार्चच्या आत व्हायचा होता, त्यामुळे पाहणी डिसेंबर-जानेवारीतच बसत होती. मुलांनी जे बघितलं ते लिहिलं. ऐकीव माहिती अहवालात घेता येत नाही. मी रेवेबद्दल चार पानं लिहिली होती, वरच्या साहेबांनी ती काढली. माझ्या हातात तेवढंच होतं.

सुनावणीला अहवाल करणाऱ्यांनी लोकांच्या बाजूने बोलणं बसत नाही. मी येऊ शकत नाही.

पण मी गप्प बसलेली नाही. कंपनी गावासाठी निधी ठेवणार आहे. शिलाई मशीन, मसाल्याचं प्रशिक्षण. आणि गाव आणि कंपनी यांच्यामध्ये बोलायला एक बाई नेमणार आहेत, पगारी. मी तुझं नाव सुचवलं आहे. विचार कर, रागात नाही म्हणू नकोस. मनालची दोन वर्षं अजून आहेत.

तुझी,
दिशा


सोनखाडी
१६ जून २०२५

दिशा,

शिलाई मशीन जनीकाकीला दे. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला सुईत दोरा ओवता येत नाही.

सुनावणी झाली. मंडप, पंखे, बाटलीतलं पाणी. माझी पाळी आल्यावर मी राखणीचं सगळं सांगितलं, काठी, खीर, पिल्लं, भाकऱ्या. मंचावरच्या सरकारी साहेबांनी कागद दाखवला, माईकवर मोठ्याने विचारलं, ही सही तुमची? म्हटलं, माझी. हे शब्द तुमचे? म्हटलं, माझेच, पण अर्धे. ते म्हणाले, अहवाल आल्यावर आता प्रत्येक गावात जुनी प्रथा निघते बाई, आधीचा काही लेखी पुरावा आहे का? मंडपातले कंपनीचे लोक हसले. ते मात्र मला दिसलं.

मंडपाच्या मागे सागर भेटला. खुर्च्या मांडायला आणला होता त्याला. डोळे वर करेना. मी विचारलं, बाळा, तुम्ही त्याच दिवसांत का आलात रे? तो मोठ्याने बोलायला घाबरत होता, म्हणून मोबाइलवर लिहून दाखवलं. आधी त्यांची पाहणी फेब्रुवारीत ठरली होती. ऑक्टोबरच्या शेवटी तुझा निरोप गेला की १ डिसेंबर ते १३ जानेवारी या तारखांना जा, तेव्हा रेव रिकामी असते, काम अडकणार नाही. लेखी देशील का विचारलं, तर त्याने हात जोडले.

२१ ऑक्टोबरला मी तुला त्या तारखा लिहिल्या. ऑक्टोबरच्या शेवटी तुझा निरोप गेला. पोस्टाला चार दिवस धर. म्हणजे तू विचारसुद्धा केला नाहीस.

घरी येऊन तुझं नोव्हेंबरचं पत्र काढलं. "तू सांगितलेल्या दिवसांतच." राखणीचं नाव नाही. तिसऱ्यांचं नाही. जुन्या गोष्टी सांगत बसू नकोस. मी ते पत्र दहा वेळा वाचलं होतं आणि दर वेळी मला वाटलं होतं, किती काळजी आहे हिला आमची. ताकाला जाऊन भांडं लपवतात तसं तू पहिल्या ओळीपासून लपवत होतीस, आणि मी तुझ्या पोरांना घावणे घालत होते.

वरच्या साहेबांनी पानं काढली म्हणतेस. पानं साहेबांनी काढली असतील. तारखा कुणी दिल्या? हो की नाही, एवढंच लिही. बाकी झाडं, कासवं नको.

त्या नोकरीचं उत्तर तुला कळलं असेल.

हफीजा


सोनखाडी
५ ऑक्टोबर २०२५

दिशा,

साडेतीन महिने झाले. हो आलं नाही, नाहीही आलं नाही. हे पत्र रजिस्टर्ड करते आहे. गंगारामला सांगितलं, पोचपावती मला आणून दाखव.

भांडायला लिहीत नाही. माझं एक काम आहे.

आम्ही त्रेसष्ट जणींनी अंगठे, सह्या करून त्या बँकेला अर्ज केला. मनालने इंग्रजीत लिहून दिला. त्यांचं उत्तर आलं. ते म्हणतात, पाहणीच्या आधीच्या तारखेचा, प्रथा सांगणारा एक तरी कागद द्या, आम्ही पाहणी रद्द करून पावसाळ्यानंतर नवी करू, आणि आवाराची जागा पुन्हा बघू. नाही दिलात तर आमची माणसं एकदा येऊन बघून जातील आणि काय ते ठरवतील.

मी गेल्या सालची तुझी ऑक्टोबर-नोव्हेंबरची दोन्ही पत्रं पाठवली. त्यांनी परत लिहिलं की यात प्रश्न आहेत, उत्तर कुठे आहे?

उत्तर तुझ्याकडे आहे. माझं २१ ऑक्टोबरचं पत्र. वर तारीख आहे, पाकिटावर पोस्टाचा शिक्का आहे, आत राखणीचं सगळं आहे. चारशे वर्षं कुणी राखण कागदावर लिहिली नव्हती. मी लिहिली, एकदाच, तुला. ते पत्र परत पाठव.

त्यातून तुझं काय होईल ते मला कळतं. तारखा तुला माहीत होत्या हे सिद्ध होईल. खुर्ची जाईल कदाचित. पण दिशा, इथे त्रेसष्ट चुली आहेत, आणि त्यातल्या एकीवर तू वाढलीस. मी तुला माफी मागायला सांगत नाही. गावात कुणाला तुझं नाव घेऊन शिव्या देऊ देत नाही, हेही तुला कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. फक्त माझा कागद मला दे.

हफीजा


१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय हफीजा,

आपण म्हणता ते पत्र सापडत नाही. फेब्रुवारीत घर बदलले, त्यात बरेच कागद गेले.

माहितीसाठी कळवते. बँकेची माणसे ३ ते ५ डिसेंबरला रेव पाहायला येणार आहेत. तारीख बदलण्याचा प्रयत्न झाला, जमले नाही. ते कुणाचे ऐकत नाहीत, प्रत्यक्ष पाहतात आणि फोटो घेतात. त्या तीन दिवसांत रेवेवर बायका काम करताना दिसल्या तर उपजीविका आहे हे त्यांना मान्य करावे लागेल. दिसल्या नाहीत तर आधीचा अहवाल कायम होईल.

याहून जास्त काही करता येण्यासारखे नाही.


सोनखाडी
४ डिसेंबर २०२५

दिशा,

तुझं टाईप केलेलं पत्र मिळालं. खाली सही नव्हती, वर गावाचं नाव नव्हतं. पहिल्यांदाच तू मला आपण म्हणालीस. पाकिटावरचा पत्ता मात्र हाताने लिहिला होतास, म्हणून कळलं.

फेब्रुवारीत घर बदललं म्हणतेस. मी ते रजिस्टर्ड जुन्याच पत्त्यावर पाठवलं होतं. पोचपावतीवर तुझी सही आहे. केसाने गळा कापलास. आणि हे मला रागाने लिहिता येत नाही याचंच जास्त वाईट वाटतं. मी ती सही बघून आधी म्हटलं, अक्षर अजून तसंच आहे.

आता तू सुचवलंस त्याचं काय झालं ते ऐक.

२० नोव्हेंबरला अवस होती. जनीकाकीने काठी रोवली, नारळ ठेवला. मी फातेहा पढले, खीर केली. गेल्या साली ती सगळ्यांनी घेतली होती. या साली अर्ध्या जणींनी माझ्या हातची घेतली नाही. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळ्याजणी भांडल्या. राखण मोडायची म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं रेव मेली. नाही मोडायची तर भराव पडणार आणि रेव कायमची गेली. वीस-बावीस जणी म्हणाल्या, भराव पडू दे, आम्ही पाऊल टाकणार नाही. त्या आल्या नाहीत. त्यांना मी काय सांगू? त्यांचं बरोबरच आहे.

काल दुपारी जनीकाकी पुढे झाली. कुणी काठीला हात घालणार तर म्हणाली, "मीच रोवलंय, मीच काढतंय. तुमी कुनी हात लावू नका." तिने काठी काढली, फडकं सोडून कंबरेला खोचलं आणि काठावर रेवेकडे पाठ करून बसली. रेवेवर काही उतरली नाही.

आम्ही एक्केचाळीस जणी उतरलो. पहिलं पाऊल मी टाकलं, कारण माझ्याच पत्राने हे झालं. दिशा, पायाखाली बारीक चुरचुर होते, तांदळावर चालल्यासारखी. मला ऐकू येत नाही, पण तळव्याला कळतं. मग खुरपी चालवली. निघत होतं ते सगळं पिल्लूच. तरी टोपल्या भरल्या, कारण रिकाम्या टोपल्यांचा फोटो काय कामाचा?

बँकेची बाई होडीतून आली. चांगली होती. चपला हातात घेऊन चिखलात उतरली. बरोबरच्या माणसाने तिचं मराठीत करून माझ्यासाठी वहीत लिहिलं, "तुम्ही इथे रोज येता का? वर्षभर?" मी मान हलवली. त्याने पुन्हा लिहिलं, "या महिन्यातही?" मी म्हटलं, या महिन्यातही, दर साली. बाईने लगेच लिहून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. गेल्या साली खरं सांगून मी खोटी ठरले होते. काल खोटं बोलले, तर कुणी पुरावा मागितला नाही.

ती गेल्यावर आम्ही टोपल्या पुन्हा चिखलात ओतल्या आणि पिल्लं हाताने थापून बसवली. निम्म्याच्या वर पिल्लं फुटली होती. ती उगाच थापत होतो, पण थापत होतो. चार-पाच जणी रडत होत्या. माझ्या बाजूला दोघी येऊन बसल्या होत्या, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

काकींना यातलं सांगू नकोस. त्यांना कालचं आठवत नसलं तरी रेवेचं आठवत असेल.

बँकेची माणसं शुक्रवारपर्यंत आहेत. उद्या ओहोटी संध्याकाळची आहे. आम्हाला परत उतरायचं आहे.

हफीजा